करमरकर शिल्पालय

करमरकर शिल्पालय हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील सासवणे या गावी असलेले शिल्पसंग्रहालय आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर (२ ऑक्टोबर १८९१ – १३ जून १९६७) यांच्या घरात आणि त्या घराच्या अंगणात हा संग्रह मांडलेला आहे. करमरकरांनी घडविलेली व्यक्तिशिल्पे, कोकणातील ग्रामजीवनावरील शिल्पे आणि प्राण्यांच्या पूर्णाकृती अशी शंभराहून अधिक शिल्पे येथे आहेत. कलावंताचे जन्मगाव, त्याची वास्तू आणि त्याच्या हातची शिल्पे एकाच ठिकाणी टिकून राहण्याची उदाहरणे महाराष्ट्रात थोडी असल्याने कलेचे विद्यार्थी, छायाचित्रकार आणि पर्यटक या वास्तूला भेट देतात. संग्रहाची देखभाल करमरकर कुटुंबीयांनी केली आहे.

शिल्पकार

करमरकरांचा जन्म सासवणे येथे झाला. त्या काळी हे गाव कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. १ जानेवारी १९८१ पासून या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. घरात गणेशमूर्ती घडविण्याची परंपरा असल्याने मातीकामाचा परिचय त्यांना लहानपणीच झाला. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्ह्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या पाहण्यात आले. रॉथफील्ड यांच्या प्रोत्साहनाने आणि साहाय्याने करमरकर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना मेयो पदक मिळाले.

पुढे रवींद्रनाथ ठाकूर यांचे पुतणे सुरेंद्रनाथ ठाकूर यांच्या आग्रहावरून ते कलकत्त्यास गेले आणि तेथे त्यांनी आपली कार्यशाळा थाटली. या काळात त्यांनी बंगालमधील अनेक नामवंतांची व्यक्तिशिल्पे केली. १९२० च्या सुमारास ते इंग्लंडला गेले. तेथील वास्तव्यात त्यांनी शिल्पकलेचा पुढील अभ्यास केला आणि धातूच्या ओतकामाचीही माहिती करून घेतली.

पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती होय. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या स्मारकाची कोनशिला १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते बसविण्यात आली. शाहू महाराजांच्या निधनानंतर (१९२२) छत्रपती राजाराम महाराजांनी हे काम पुढे नेले. ब्राँझचा हा एकसंध पुतळा मुंबईतील माझगाव गोदीच्या ओतशाळेत ओतण्यात आला आणि जून १९२८ मध्ये त्याचे अनावरण झाले. आज तो पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे. या पुतळ्यामुळे करमरकरांचे नाव सर्वतोमुखी झाले. ‘शंखध्वनी’ या शिल्पाला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

वास्तू आणि संग्रह

सासवणे हे अलिबाग आणि मांडवा यांच्या दरम्यान समुद्रकाठी वसलेले, नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गाव आहे. शिल्पालयाची वास्तू गावातून जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. संग्रहाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात: घराच्या आतील शिल्पे आणि अंगणातील उघड्यावरची शिल्पे.

आतील भागात प्रामुख्याने व्यक्तिशिल्पे आहेत. अर्धपुतळे, मस्तकशिल्पे आणि लहान आकाराच्या प्रतिकृती यांचा त्यांत समावेश होतो. राष्ट्रीय नेते, संस्थानिक आणि विद्वान यांच्या जोडीने कोळीण, मजूर, गावातील मुलेमाणसे यांचीही शिल्पे येथे दिसतात. करमरकरांनी सार्वजनिक स्मारकांसाठी केलेले काम शहरांमधून विखुरलेले आहे. आपल्या भोवतालच्या माणसांची त्यांनी केलेली शिल्पे मात्र मोठ्या संख्येने या घरातच राहिली.

अंगणातील शिल्पांमध्ये सिमेंटमध्ये घडविलेली पूर्णाकृती म्हैस विशेष प्रसिद्ध आहे. जनावराच्या अंगाचा भार, कातडीच्या घड्या आणि मान वळविण्याची ढब यांच्या अचूक निरीक्षणामुळे ती दुरून जिवंत भासते. ही शिल्पे चौथऱ्यावर न चढविता माणसाच्या वावराच्या पातळीवर ठेवलेली असल्याने त्यांचा आणि पाहणाऱ्याचा संबंध संग्रहालयाच्या दालनापेक्षा निराळा असतो.

या दृष्टीने शिल्पालयाची तुलना सर्वसाधारण संग्रहालयाशी करता येते. १८६३ मध्ये स्थापन झालेले व ‘अजब बंगला’ या नावाने ओळखले जाणारे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण होय. तेथील पुरातन शिल्पे, नाणी, शस्त्रे आणि प्राणिविषयक नमुने निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेले असून त्यांची मांडणी विषयवार केलेली आहे. वस्तूचे मूळ स्थळ तेथे माहितीफलकावरून कळते. सासवण्यास शिल्प जेथे आहे ती जागा हाच माहितीचा मोठा भाग असतो. शिल्प अन्यत्र हलविल्यास ते टिकेल, परंतु त्याचा परिसर हरवेल.

माध्यमे आणि निर्मितीप्रक्रिया

कलावंताच्या घरात राहिलेल्या प्लास्टरच्या शिल्पांचे महत्त्व कळण्यासाठी पुतळा कसा तयार होतो हे माहीत असणे आवश्यक आहे. शिल्पकार प्रथम लोखंडी अथवा लाकडी सांगाड्यावर ओल्या मातीत शिल्प घडवितो. मातीच्या शिल्पावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घेतला जातो. साचा उतरविताना मातीचे शिल्प बहुधा मोडते आणि ती माती पुन्हा वापरली जाते. साच्यातून प्लास्टरची प्रत निघते. ब्राँझचा पुतळा हवा असल्यास या प्रतीवरून मधूच्छिष्ट विधानाने, म्हणजे मेणाची प्रतिकृती वितळवून त्या पोकळीत धातू ओतून, किंवा वाळूच्या साच्यात ओतकाम केले जाते. संगमरवरी पुतळ्यासाठी प्लास्टरच्या प्रतीवरील मापे दगडावर उतरवितात.

म्हणजेच चौकातील ब्राँझचा पुतळा हा प्रक्रियेचा शेवटचा टप्पा असतो आणि त्यावर ओतारी व कारागीर यांचेही हात फिरलेले असतात. मातीवर उमटलेली शिल्पकाराची बोटे आणि हत्याराचे ओरखडे प्लास्टरच्या प्रतीत सर्वांत जवळून पाहावयास मिळतात. मोठ्या स्मारकांच्या बाबतीत अशा प्रती काम संपल्यावर जागेअभावी फोडून टाकल्या जात. त्यामुळे ज्या वास्तूंत त्या शिल्लक आहेत, त्या शिल्पकलेच्या अभ्यासासाठी मूलभूत साधन ठरतात.

करमरकरांनी सिमेंटचाही वापर मोठ्या प्रमाणावर केला. ब्राँझ व संगमरवर यांच्या मानाने सिमेंट स्वस्त असून ते उघड्यावर ठेवता येते. एखाद्या धनिकाच्या वा संस्थेच्या मागणीवाचून, केवळ स्वतःच्या इच्छेने मोठी शिल्पे करणे या माध्यमामुळे शक्य होते.

भेट

मुंबईहून सासवण्यास जाण्याचा जवळचा मार्ग समुद्रातून आहे. गेटवे ऑफ इंडिया येथून मांडव्यास प्रवासी बोटी जातात. पावसाळ्यात ही सेवा बंद असते. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहने नेणारी रो-रो सेवाही सुरू झाली. मांडव्याहून अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्याने काही किलोमीटर अंतरावर सासवणे लागते. खुष्कीच्या मार्गाने पनवेल, पेण, वडखळ आणि अलिबाग असे जावे लागते. विदर्भातून येणाऱ्या प्रवाशांना नागपूर ते मुंबई हा सुमारे ८४० किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून पुढे बोटीने मांडवा गाठता येतो. परिसरातील कनकेश्वराचा डोंगर, किहीम व आवास येथील किनारे आणि अलिबागचा कुलाबा किल्ला ही स्थळे याच सहलीत पाहता येतात.

कुटुंबाने सांभाळलेल्या अशा वास्तूंचे कामकाज शासकीय संग्रहालयांप्रमाणे चालत नाही. मनुष्यबळ थोडे असल्याने वेळा बदलू शकतात. त्यामुळे येण्याआधी वेळ विचारून घेणे सोयीचे ठरते. मोठे शाळकरी गट किंवा रेखाटनासाठी येणारे कलाशाळांचे वर्ग यांच्या बाबतीत हे विशेष आवश्यक असते. शिल्पे काचेच्या कपाटात नसल्याने मोठी पिशवी पाठीवर घेऊन अरुंद जागेत वळणे, शिल्पाला टेकून उभे राहणे किंवा लहान मुलांना प्राण्यांच्या शिल्पांवर बसविणे यांमुळे इजा होण्याचा संभव असतो. बोटांवरील घाम व तेलकटपणा प्लास्टरमध्ये मुरून काळे डाग पडतात. ब्राँझवर वारंवार हात फिरल्यास पृष्ठभागाचा मूळ रंग झिजून तेवढाच भाग चकाकू लागतो.

छायाचित्रण

परवानगी

खासगी मालकीच्या वास्तूत छायाचित्रे घेण्यास मालकाची अनुमती लागते. प्रवेश मिळाला म्हणजे छायाचित्रणाची अनुमती मिळाली असे होत नाही. स्वतःसाठी काढलेली छायाचित्रे, अभ्यास वा प्रकाशनासाठी केलेले छायाचित्रण आणि जाहिरात, विवाहपूर्व चित्रीकरण किंवा चित्रपट यांसाठीचा व्यापारी वापर या तीन निरनिराळ्या बाबी असून प्रत्येकीची अनुमती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. प्रकाशनासाठी ती लेखी असावी असा संकेत आहे. घराच्या ज्या खोल्या पाहुण्यांसाठी खुल्या नाहीत, त्यांची आणि घरातील माणसांची छायाचित्रे विचारल्यावाचून घेऊ नयेत हा शिष्टाचार येथे विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण अशा ठिकाणी संग्रहालय आणि घर यांच्यातील सीमा एखाद्या उंबरठ्याएवढी असते.

प्रकाश आणि रचना

शिल्पाचे छायाचित्र मुख्यतः सावल्यांवर अवलंबून असते. समोरून पडणारा प्रकाश, विशेषतः कॅमेऱ्यावरील फ्लॅश, उंचसखलपणा पुसून टाकतो आणि चेहरा सपाट दिसतो. बाजूने, थोडा वरून येणारा मंद प्रकाश नाक, गाल, कपाळावरील रेषा आणि हत्याराच्या खुणा उठावदार करतो. म्हणून अंगणातील शिल्पांसाठी सकाळचा किंवा सायंकाळचा तिरपा प्रकाश अनुकूल असतो. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. आभाळ भरून आलेले असताना सावल्या सौम्य होतात व गडद शिल्पांतील बारकावे टिपता येतात.

पांढऱ्या प्लास्टरसमोर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो. तो पांढरा रंग राखाडी करण्याकडे झुकत असल्याने छायाचित्र काळवंडते, म्हणून एक्स्पोजर किंचित वाढवावे लागते. गडद ब्राँझच्या बाबतीत ते कमी करावे लागते. मस्तकशिल्पाचे छायाचित्र शिल्पाच्या डोळ्यांच्या पातळीवरून आणि थोड्या अंतरावरून घेतल्यास चेहऱ्याची प्रमाणे बिघडत नाहीत. मोबाइल फोनच्या रुंदकोनी भिंगाने अगदी जवळून घेतलेल्या चित्रात नाक मोठे व कान लहान दिसतात. केवळ शिल्प दाखविणाऱ्या छायाचित्रांच्या जोडीला अंगण, ओसरी आणि शेजारची शिल्पे यांसह घेतलेले एक तरी छायाचित्र असल्यास शिल्पाचा त्या जागेशी असलेला संबंध नोंदला जातो.

फ्लॅशबंदीचे कारण माध्यमानुसार बदलते. दगड, ब्राँझ आणि न रंगविलेले प्लास्टर यांवर प्रकाशाचा उल्लेखनीय परिणाम होत नाही. जलरंगातील चित्रे, जुने कागद, छायाचित्रे, वस्त्रे आणि रंगलेपन केलेले प्लास्टर ही प्रकाशसंवेदी असतात. संग्रहालयशास्त्रात अशा वस्तूंसाठी सुमारे ५० लक्स एवढीच प्रकाशतीव्रता सुचविली जाते. संमिश्र संग्रहात प्रत्येक वस्तूसाठी निराळा नियम लावणे अवघड असल्याने सरसकट फ्लॅश न वापरण्याची पद्धत रूढ झाली आहे. तिपाईचा पाय घसरून शिल्पावर आदळू शकतो, म्हणून अरुंद खोल्यांत तिपाईही टाळली जाते.

नोंदीसाठी छायाचित्रण

शिल्पाच्या स्थितीची नोंद ठेवणे हा छायाचित्रणाचा दुसरा हेतू असतो. अशा नोंदीत शिल्पाच्या चारही बाजू, मागील भाग, तळाची सही व सन, तसेच भेगा, डाग व तुटलेले भाग यांची छायाचित्रे घेतात. चित्रात मोजपट्टी ठेवतात आणि दिनांक लिहून ठेवतात. काही वर्षांच्या अंतराने त्याच जागेवरून पुन्हा छायाचित्र घेतल्यास भेग वाढली किंवा नाही हे ताडून पाहता येते. फोटोग्रॅमेट्री या तंत्रात शिल्पाभोवती फिरून, प्रत्येक चित्राचा मोठा भाग पुढील चित्रात येईल अशा बेताने अनेक छायाचित्रे घेतात आणि संगणकाच्या साहाय्याने त्रिमितीय प्रतिमा तयार करतात. प्लास्टरसारख्या ठिसूळ माध्यमातील एकमेव प्रत भंगल्यास तिच्या दुरुस्तीला अशी नोंद हाच आधार राहतो.

प्रताधिकार

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार कलाकृतीवरील हक्क कलावंताच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. करमरकरांचे निधन १९६७ मध्ये झाल्याने त्यांच्या शिल्पांवरील हक्काची मुदत ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. १ जानेवारी २०२८ पासून ती शिल्पे सार्वजनिक अधिक्षेत्रात गणली जातील.

ही मुदत संपण्यापूर्वीही छायाचित्रणाला कायद्यात सवलत आहे. कलम ५२(१)(टी) अन्वये सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांना प्रवेश असलेल्या जागेत कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचे रेखाटन वा छायाचित्र करणे आणि ते प्रसिद्ध करणे हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. वास्तूंच्या छायाचित्रांना कलम ५२(१)(एस) लागू होते. या सवलतीच्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत:

• ती शिल्पे आणि कलात्मक कारागिरीच्या वस्तू यांना लागू आहे. त्याच घराच्या भिंतीवर टांगलेल्या चित्राच्या किंवा जुन्या छायाचित्राच्या प्रतीला ती लागू होत नाही.
• तात्पुरत्या प्रदर्शनासाठी आणलेले शिल्प ‘कायमस्वरूपी’ या अटीत बसत नाही.
• ती द्विमितीय चित्रणापुरती आहे. छायाचित्रांवरून शिल्पाची त्रिमितीय प्रतिकृती करून विकणे तिच्या कक्षेत येत नाही.
• ती प्रताधिकाराशी संबंधित आहे. वास्तूच्या मालकाने घातलेल्या प्रवेशाच्या अटी तिच्यामुळे रद्द होत नाहीत.

शिल्पाच्या छायाचित्रावर छायाचित्रकाराचा स्वतंत्र हक्क निर्माण होतो. तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे शिल्प सार्वजनिक अधिक्षेत्रात आले तरी त्याचे अलीकडील छायाचित्र आपोआप मुक्त होत नाही. छायाचित्रकाराने क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या परवान्याखाली ते दिल्यासच इतरांना परवान्याच्या अटींनुसार वापरता येते. करमरकरांच्या पुण्यातील पुतळ्यासारख्या स्मारकांची छायाचित्रे सहज घेता येतात. घरात राहिलेल्या शिल्पांची मात्र मुक्त परवान्यातील प्रत्येक नवी प्रतिमा अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाची असते.

जतनाचे प्रश्न

कोकण किनाऱ्यावरील हवामान शिल्पांना प्रतिकूल आहे. खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे ब्राँझवर फिकट हिरवे, भुकटीसारखे डाग पडतात आणि दमट हवेत ही झीज आतवर पसरत जाते. सिमेंटच्या शिल्पांमधील लोखंडी सळ्यांना गंज चढला की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून अधिक असल्याने सिमेंटला आतून तडे जातात. एकदा तडा गेला म्हणजे पावसाचे पाणी सळीपर्यंत पोहोचते आणि झीज वेगाने वाढते. प्लास्टर पाण्यात किंचित विरघळते व ओल शोषून मऊ पडते. उघड्यावरील शिल्पांवर पावसाळ्यात शेवाळ धरते. ते तारेच्या ब्रशने खरवडल्यास पृष्ठभागावरील मूळ खुणाही निघून जातात. शोभेसाठी वरून तैलरंग देण्यानेही असेच नुकसान होते, कारण रंगाचे थर बारकावे बुजवितात आणि ओल आत कोंडून ठेवतात.

अशा संग्रहाची जबाबदारी एका कुटुंबावर असते, तेव्हा दुरुस्तीचा खर्च, तज्ज्ञांची उपलब्धता आणि पुढील पिढीची सोय हे प्रश्न उभे राहतात. अभ्यागतांचे प्रवेशमूल्य हा त्यातील एक छोटा आधार असतो. सविस्तर सूची, मापे आणि छायाचित्रांची नोंद या गोष्टी त्यामानाने कमी खर्चात होऊ शकतात. त्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने करणेही शक्य असते.

तत्सम वास्तू

कलावंत आणि साहित्यिक यांच्या घरांचे जतन जगात अनेक ठिकाणी झाले आहे. चित्रकार रेम्ब्रांटचे ॲमस्टरडॅममधील घर आणि शिल्पकार ऑग्युस्त रोदँ यांचे पॅरिसजवळील म्यूदाँ येथील घर संग्रहालयाच्या रूपात खुले आहे. म्यूदाँ येथे रोदँच्या प्लास्टरमधील शिल्पांचा मोठा संग्रह असल्याने सासवण्याशी त्याची तुलना करता येते. भारतात चित्रकार राजा रविवर्मा यांचे जन्मस्थान असलेला केरळमधील किलिमानूर राजवाडा कलाप्रेमींना परिचित आहे. कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे कवी केशवसुत यांच्या जन्मघराचे स्मारक आहे.